एंजिन-तेलाच्या डब्यावरील संज्ञा : त्यांचा अर्थ आणि एंजिनाचे आयुष्य

मोटारगाडीच्या एंजिनात घालावयाच्या तेलाच्या डब्यावर सामान्यतः तीन जातींची अक्षरे छापलेली आढळतात. '१५डब्ल्यू-४०' यासारखी अंकाक्षरांची जोडी ही पहिली. 'एपीआय सीके-४', 'एपीआय एसपी' किंवा 'जासो एमए२' यांसारखी संक्षेपाक्षरे ही दुसरी. आणि 'सिंथेटिक', 'सुपर', 'प्रीमियम' यांसारखी विशेषणे ही तिसरी. पहिल्या दोहोंचा अर्थ मानकांनी बांधलेला आहे. तिसरीचा अर्थ बाजाराच्या हाती आहे. व्यवहारात मात्र क्रम नेमका उलटा लागतो. ग्राहक विशेषण वाचून तेल घेतो, अंकांचा अर्थ अंदाजाने लावतो आणि संक्षेपाक्षरे बहुधा वाचतच नाही. ह्या चुकीचा परिणाम तत्काळ दिसत नाही, म्हणूनच ती टिकून राहते. चुकीच्या तेलावर एंजिन त्या दिवशी बंद पडत नाही. जे एंजिन दोन-तीन लाख किलोमीटर विनातक्रार धावू शकले असते, ते त्याच्या अर्ध्या अंतरातच 'कामाला येते', आणि तोवर कारण सांगणारा पुरावा जुन्या तेलाबरोबर केव्हाच निघून गेलेला असतो.

मराठीत ह्या पदार्थाला 'वंगण' हा शब्द पूर्वीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला लावावयाचे तेलकट मिश्रण ते वंगण. मराठी शास्त्रीय परिभाषेने हाच शब्द यंत्रांसाठी स्वीकारला, तर हिंदीने संस्कृत 'स्नेह' शब्दापासून 'स्नेहक' हा पर्याय घडविला. मराठीची निवड बोलीला जवळची असली तरी तिच्यामुळे एक गैरसमज चालत आला. आसाला वंगण 'लावतात'. तो एक लेप असतो, आणि लेप जितका जाड तितका टिकाऊ अशी कल्पना त्याला चिकटून येते. एंजिनातील तेल हा लेप नव्हे. ते पंपाने दाबून सतत फिरविले जाते, आणि त्याचे मुख्य कार्य त्याच्या वाहण्यातूनच घडते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती रेल्वेच्या आसाच्या धारव्यावर. लंडनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स ह्या संस्थेसाठी बोचॅम्प टॉवर हे १८८३ च्या सुमारास घर्षणाचे प्रयोग करीत होते. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर पितळी धारवा, अशी रचना होती. तेल घालण्यासाठी टॉवर यांनी धारव्याच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसविले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. तेथे दाबमापक जोडल्यावर काटा दर चौरस इंचास दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. धारव्यावरचा सरासरी भार त्याच्या निम्मा होता. म्हणजे फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढीत पाचरीसारख्या निमुळत्या फटीत नेत होता, आणि त्या तेलाच्या दाबावरच धारवा तरंगत होता. ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये ह्या घटनेचे गणित मांडले. आजच्या एंजिनातील भुजादंडाचे धारवे ह्याच तत्त्वावर चालतात. धातू धातूला लागत नाही. मध्ये काही मायक्रॉन जाडीची तेलाची पटली असते. माणसाचा केस ह्या पटलीच्या कितीतरी पट जाड असतो.

ही पटली निर्माण होण्यास दोन गोष्टी लागतात: पुरेसा वेग आणि योग्य श्यानता. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. ती फार कमी असेल तर भाराखाली पटली तुटते. फार जास्त असेल तर तेल ओढण्यातच शक्ती खर्ची पडते, त्याचे तापमान वाढते आणि अरुंद वाटांतून ते वेळेवर पोहोचत नाही. जेथे वेग शून्यावर येतो, उदाहरणार्थ दट्ट्या वरच्या किंवा खालच्या टोकाला क्षणभर थांबतो तेथे, केवळ श्यानतेच्या बळावर पटली टिकत नाही. तेथे तेलात मिसळलेली रसायने धातूच्या पृष्ठावर स्वतःचा थर बांधतात. जस्त आणि फॉस्फरस असलेले एक संयुग ह्या कामी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. तेव्हा डब्यावरील अंकांची जोडी फक्त पहिल्या प्रकारच्या संरक्षणाविषयी बोलते. दुसऱ्या प्रकाराविषयी संक्षेपाक्षरे बोलतात.

ह्या ठिकाणी कारखान्यांतील बोलीचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही. मराठीत कापड जाड आणि ताक दाट असते. परंतु दोहोंचा विरुद्धार्थी शब्द एकच आहे, तो म्हणजे 'पातळ'. ह्या सामायिक विरोधी शब्दामुळे 'दाट' आणि 'जाड' यांची सीमा पुसट होते. त्यामुळे 'पातळ ऑईल' ह्या यथार्थ प्रयोगाच्या जोडीला 'जाड ऑईल' हा प्रयोग सहज रूढ झाला. 'जाड' ह्या शब्दाबरोबर मजबुतीचा अर्थही आला. जुने एंजिन, चढणीचा रस्ता किंवा उन्हाळा असला की 'जाड ऑईल घाला' हा सल्ला मिळतो, त्यामागे ह्या विशेषणाचा वाटा अनुभवाइतकाच आहे.

आता अंकांकडे वळू. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या 'एसएई' ह्या संस्थेने तेलांचे श्यानतेनुसार पहिले वर्गीकरण १९११ मध्ये प्रसिद्ध केले. आजची 'जे३००' ही तालिका त्याचीच सुधारलेली आवृत्ती होय. '१५डब्ल्यू-४०' मधील ४० हा कोणत्याही एककातील आकडा नाही. तो एका वर्गाचे नाव आहे. १०० अंश सेल्सियसला ज्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान भरते ते ४० च्या वर्गातले. ३० चा वर्ग ९.३ ते १२.५, आणि ५० चा १६.३ ते २१.९. कमी श्यानतेच्या तेलांकडे कल वाढल्यामुळे २०१३ मध्ये १६, आणि २०१५ मध्ये १२ व ८ हे वर्ग नव्याने घालावे लागले.

'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पुष्कळ जाणकारही ते 'वजन' ह्या अर्थाचे समजतात, आणि 'पंधरा वेट' असे वाचतात. लोकव्युत्पत्तीचा हा एक चांगला नमुना म्हणावा लागेल. १५ म्हणजे उणे १५ अंश, हा दुसरा समजही बरोबर नाही. १५डब्ल्यू वर्गातील तेलाने उणे २० अंशांना एंजिन फिरू देण्याइतके सैल राहिले पाहिजे, अशी अट आहे. ५डब्ल्यू तेलाला हीच परीक्षा उणे ३० अंशांना, तर ०डब्ल्यू तेलाला उणे ३५ अंशांना द्यावी लागते. म्हणजे डब्ल्यूच्या आधीचा अंक थंडीतल्या वागणुकीचा आणि नंतरचा अंक तापल्यावरच्या वागणुकीचा. जोडीचा अर्थ 'थंडीत पंधरा, उष्णतेत चाळीस' असा लावून तापल्यावर तेल दाट होते असे अनेकजण मानतात. तसे कोणतेही तेल वागत नाही. सामान्य १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंशांना शंभर सेंटिस्टोकच्या वर असते, आणि १०० अंशांना ती चौदाच्या आसपास उतरते. बहुश्रेणी तेलाचा विशेष एवढाच की ही उतरण एकश्रेणी तेलापेक्षा कमी तीव्र असते. ती कमी करण्यासाठी तेलात लांब साखळीचे बहुवारिक मिसळतात. थंडीत हे रेणू आकसलेले असतात आणि उष्णतेत पसरतात. मात्र दंतचक्रांच्या दातांखाली ते तुटतात, आणि तेल हळूहळू आपला वर्ग सोडते. मोटारसायकलीत एंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालत असल्याने ही झीज तेथे अधिक होते.

पुण्या-मुंबईच्या हवेत उणे तापमान येत नाही, म्हणून पहिल्या अंकाला महत्त्व नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. येथील पहाटेला १५डब्ल्यू तेलही पंपाने सहज चढते. तथापि रात्रभर उभ्या गाडीतील तेल खालच्या 'चेंबर'मध्ये उतरलेले असते, आणि सुरुवातीच्या काही क्षणांत वरच्या भागांना उरलेल्या थरावर भागवावे लागते. जाहिरातींत ह्या झिजेची जी टक्केवारी दिली जाते ती बाजूला ठेवली, तरी थंड तेल जितके लवकर वर पोहोचेल तितके बरे, हे खरेच. २० अंशांनाही ०डब्ल्यू-२० तेल २०डब्ल्यू-५० तेलापेक्षा कितीतरी वाहते असते.

अधिक वादाचा प्रश्न दुसऱ्या अंकाचा आहे. नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे लिहिलेले असते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात इतके पातळ तेल कसे चालेल, अशी शंका येते. हवेचे तापमान ४२ अंश झाले तरी एंजिनातील पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट नव्वदीच्या आसपास राखतो. तेलाचे तापमान थोडे वाढते, ऋतुमानाच्या प्रमाणात नाही. शिवाय अशा एंजिनातील धारव्यांच्या फटी, पंप आणि झडपांच्या वेळा बदलणाऱ्या द्रवचलित यंत्रणा त्या श्यानतेसाठीच आखलेल्या असतात. तेथे २०डब्ल्यू-५० घातल्यास यंत्रणा मंदावते आणि सुरुवातीला वरचा भाग अधिक काळ कोरडा राहतो. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पातळ तेलाची शिफारस एंजिनाच्या आयुष्याच्याच विचाराने केलेली नसते. इंधनवापराचे सरकारी निकष, जे भारतात २०१७ पासून लागू झाले, त्यांचाही तीत भाग असतो. एकाच एंजिनासाठी निरनिराळ्या देशांतील पुस्तिकांत निरनिराळे वर्ग दिलेले आढळतात ते ह्यामुळे. १५० अंशांना आणि तीव्र कर्तनाखाली श्यानता किती उरावी, ह्याची किमान मर्यादा २० च्या वर्गाला २.६ मिलिपास्कल-सेकंद, ३० ला २.९ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७ आहे. भाराखालच्या पटलीचा खरा संबंध ह्या आकड्याशी आहे. म्हणून ज्याची गाडी नित्य भरल्या भाराने घाट चढते, त्याने आपल्या पुस्तिकेत एकाहून अधिक वर्ग मान्य केलेले असतील तर त्यांतला वरचा वर्ग निवडणे शहाणपणाचे ठरेल. पुस्तिकेच्या बाहेर जाण्याचे मात्र कारण नाही.

संक्षेपाक्षरांत 'एपीआय' हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे. तिच्या पद्धतीत पेट्रोल एंजिनांसाठी एस आणि डीझेल एंजिनांसाठी सी ही अक्षरे योजलेली आहेत. मुळात ती अनुक्रमे सेवा-केंद्र आणि वाणिज्य ह्या अर्थांच्या शब्दांची आद्याक्षरे होत. पुढे 'स्पार्क' व 'कॉम्प्रेशन' हा दुसरा, अधिक सोयीचा अर्थ त्यांना चिकटला आणि आता तोच शिकविला जातो. दुसरे अक्षर काळक्रम दाखविते. वर्णक्रम सलग मात्र नाही; एसआय, एसके आणि एसओ ही नावे गाळली आहेत. एसएन वर्ग २०१० चा, एसपी २०२० चा. अक्षर जितके पुढचे तितके तेल नवे, आणि एसच्या मालिकेत नवे तेल जुन्याची जागा साधारणतः घेऊ शकते. 'एसए' लिहिलेले तेल स्वस्त मिळाले म्हणून घेणारा ग्राहक असा समज करून घेतो की ए म्हणजे पहिल्या प्रतीचे. वस्तुतः एसए म्हणजे रसायनरहित तेल. ते १९३० च्या नंतर बनलेल्या बहुतेक एंजिनांना घालू नये, असे ती संस्थाच सांगते.

'नवे ते सर्वत्र चालते' हा नियम सरसकट लागू करता येत नाही. जस्त-फॉस्फरसाचे जे संयुग धातूला वाचविते, तेच धुराच्या वाटेने उत्प्रेरकापर्यंत पोहोचून त्याला निकामी करते. यास्तव नव्या पेट्रोल तेलांत, ३० आणि त्याखालील वर्गांसाठी, फॉस्फरसावर ०.०८ टक्क्याची मर्यादा आहे. चपट्या टॅपेटची जुनी एंजिने मात्र ह्याच संयुगावर विसंबून असतात. हौसेने जतन केलेल्या जुन्या गाडीला अगदी आधुनिक पातळ तेल घालणे तिच्या कॅमला महाग पडू शकते. डीझेलच्या बाजूला हीच अडचण निराळ्या रूपाने येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर डीझेल गाड्यांना काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. काजळी जाळून टाकता येते. परंतु तेलातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व जस्त यांची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. म्हणून सीके-४ वर्गात राखेवर १ टक्क्याची मर्यादा घातली आहे. जुन्या ट्रकसाठी उत्तम असलेले अधिक राखेचे तेल बीएस-६ गाडीत घातले, तर एंजिन कदाचित सुखरूप राहील, पण गाळणी तुंबेल, आणि तिची किंमत तेलात वाचविलेल्या पैशांच्या अनेक पट असते.

दुचाकींसाठी जपानी 'जासो' मानक पाहावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि क्लचचे तर सारे काम घर्षणावर चालते. एमए, एमए१, एमए२ ह्या संज्ञा क्लचला पुरेसे घर्षण राखणाऱ्या तेलांच्या. एमबी ही कमी घर्षणाच्या तेलाची, जी कोरड्या क्लचच्या पट्टाचलित स्कूटरसाठी आहे. स्कूटरला एमए२ घातल्यास इंधन किंचित जास्त लागेल, इतकेच. मोटारसायकलीला एमबी घातल्यास क्लच घसरू लागेल.

'सिंथेटिक' ह्या विशेषणाची कथा अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे. आरंभी त्याचा अर्थ लहान रेणू जोडून कारखान्यात बांधलेले तेल, असा होता. पुढे खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून त्याच्या जवळपास गुणांचे तेल मिळू लागले, आणि एका उत्पादकाने त्यालाही हेच नाव दिले. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली. अमेरिकेतील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल ह्या प्रकरणात कॅस्ट्रॉलचा दावा ग्राह्य मानला. तेव्हापासून ह्या शब्दाने उत्पत्ती कळत नाही; फार तर गुणांची एक पातळी सूचित होते. मराठीत 'कृत्रिम' ह्या शब्दाला हिणकसपणाची छटा आहे, 'संश्लेषित' हा अचूक शब्द ग्रंथांबाहेर पडला नाही, आणि 'सिंथेटिक' मात्र डब्यावर प्रतिष्ठित झाला. अशी तेले उष्णतेत कमी ऑक्सिडीभूत होतात, कमी उडतात आणि थंडीत बरी वाहतात, हे खरे. परंतु योग्य एपीआय वर्गाचे साधे तेल वेळेवर बदलणारा माणूस, चुकीच्या वर्गाचे सिंथेटिक तेल दुप्पट काळ ठेवणाऱ्यापेक्षा आपल्या एंजिनाचे अधिक हित करतो.

बदलण्याची वेळ रंगावरून ठरविण्याची रीत सर्वत्र आहे: तेल काळे पडले की ते संपले. डीझेल एंजिनात नवे तेल काही शे किलोमीटरांतच काळे होते, आणि ते तसे व्हावे अशीच योजना असते. त्यातील विकीर्णक रसायने काजळीचे कण सुटे धरून ठेवतात, ते भिंतींवर बसू देत नाहीत. अशा एंजिनात पुष्कळ दिवस तेल स्वच्छ दिसत असेल तर काजळी कोठे बसते आहे, असा प्रश्न पडावा. उलट, घर ते कार्यालय एवढ्याच दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या करणाऱ्या पेट्रोल गाडीचे तेल सोनेरी दिसते, पण एंजिन पुरते तापत नसल्याने त्यात पाणी आणि पेट्रोल साचत जाते. तेल घालण्याच्या झाकणाखाली ताकाच्या फेसासारखा पिवळट थर आढळणे ही त्याची खूण. गाडी लांबवर चालवूनही तो राहिला, तर शीतक-पाणी आत झिरपत असण्याची शक्यता तपासावी लागते.

किलोमीटरांचा हिशेबही सर्वत्र पुरा पडत नाही. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या रांगेत उभा असलेला ट्रॅक्टर तासन्‌तास चालू राहतो आणि अंतर काहीच कापीत नाही. मंद फिरणाऱ्या, अर्धवट तापलेल्या अशा एंजिनाच्या तेलात काजळी आणि न जळलेले डीझेल उतरत राहते. म्हणूनच ट्रॅक्टरची देखभाल तासांवर मोजतात. मोटारीच्या पुस्तिकेतही 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असा शब्दप्रयोग असतो, आणि धूळ, खोळंबत चालणारी वाहतूक, लहान फेऱ्या यांसाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्या शहरांतील बहुतेक गाड्या ह्या दुसऱ्या कलमात मोडतात. ते कलम बारीक अक्षरांत असते. मात्र बीएस-६ डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० पेक्षा अधिक नसते. गंधकाच्या आम्लाने तेल लवकर नासत असे त्या काळचे अत्यल्प मुदतीचे दंडक आज तसेच पाळण्याची गरज उरलेली नाही.

पातळी तपासणे हे सर्वांत साधे आणि सर्वांत टाळले जाणारे काम. सपाट जागी, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, पट्टी पुसून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. 'एंजिन तेल खाते' ह्या तक्रारीत एंजिनाचा दोष जितका, तितकाच बारा हजार किलोमीटर पट्टी न पाहणाऱ्याचाही असतो. वरच्या खुणेपलीकडे भरणेही अपायकारक आहे. भुजादंड तेलात बुडून फेस होतो, आणि फेसाने पटली बनत नाही. कमी पडलेले तेल भरताना दुसऱ्या उत्पादकाचे तेल मिसळण्याची भीती अनाठायी आहे, कारण मान्यताप्राप्त तेले परस्परांत मिसळणारी असावीत अशी मानकाचीच अट असते. तेलाबरोबर गाळणीही बदलावी. हवेच्या गाळणीकडे दुर्लक्ष झाले तर मात्र उत्तमातले उत्तम तेलही हतबल ठरते, कारण रस्त्यावरची धूळ ही बहुतांशी वाळूच असते, आणि ती दट्ट्याच्या कड्यांना कानशीप्रमाणे घासते. टर्बो असलेल्या गाडीने घाट चढून आल्याबरोबर एंजिन बंद करू नये. एखादे मिनिट मंद चालू दिले म्हणजे तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून कोळसा होत नाही.

काढलेल्या तेलाला ग्रामीण भागात 'जळके ऑईल' म्हणतात. जे खरोखर जळाले ते धुरावाटे गेलेले असते. उरलेले तेल हे मुख्यतः मळ धरून ठेवलेले तेल आहे, आणि शुद्धीकरण करून ते पुन्हा वापरात आणता येते. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांनी ते नोंदणीकृत शुद्धीकरण केंद्राकडेच जावे, असे ठरविले आहे. प्रत्यक्षात त्यातले बरेच वाळवी लागू नये म्हणून लाकडांना आणि काँक्रीट सुटे यावे म्हणून सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते. एंजिनात राहून त्यात बहुवलयी हायड्रोकार्बने साचलेली असतात. त्यांतील काही कर्करोगजनक आहेत आणि ती त्वचेवाटे शरीरात जातात. दिवसभर उघड्या हातांनी हे तेल हाताळणाऱ्या कारागिराला हातमोजे आणि साबण ह्यांची गरज एंजिनाला लागणाऱ्या गाळणीइतकीच आहे.